तिसरं स्मरणपत्र

अर्जमास्तरांनी जन्मात कधी शाळेत शिकवलं नव्हतं. पण सरकारी कचेरीच्या फाटकासमोर सव्वीस वर्षं टेबल टाकून बसलेल्या माणसाला, आणि ज्याच्या टेबलावरचा अर्ज सहसा परत येत नाही अशा माणसाला, लोक मास्तर म्हणणारच. आधी त्यांच्यापुढे खडखडणारा टाईपरायटर होता, नंतर संगणक आला, छपाईचं यंत्र आलं, डोक्यावरची छत्री जाऊन पत्र्याचं छप्पर आलं. मास्तरांची विद्या मात्र तीच राहिली.

ती विद्या अशी की, साहेबाला अर्ज वाचायचा नसतो, त्याला त्यातून सुटायचं असतं. म्हणून पहिल्या चार ओळींतच त्याला आपल्या खुर्चीत अवघडल्यासारखं झालं पाहिजे. मास्तरांच्या संगणकात त्यासाठी तयार परिच्छेद होते आणि त्यांना त्यांनी सरळ नावं दिली होती: ‘दुःख साधं’, ‘दुःख मध्यम’ आणि ‘दुःख जोरदार’. गिऱ्हाईक आलं की नाव-गाव घालायचं आणि छापायचं. आता तुम्ही म्हणाल, ही लबाडी झाली. मास्तर म्हणायचे, ही रीत आहे.

दुसरी रीत स्मरणपत्रांची. लांबून येणारं माणूस त्याच कामाला पुन्हा पुन्हा कुठून येणार? म्हणून पहिल्याच दिवशी मास्तर चार कोऱ्या कागदांवर खाली उजवीकडे सही घेऊन ठेवत. एक कागद अर्जाला, तीन स्मरणपत्रांना. पंधरा-पंधरा दिवसांनी ती आपणहून रवाना करत. आणि प्रत्येक स्मरणपत्रात आधीच्यापेक्षा काहीतरी वाढलेलं हवं, नाहीतर कारकून म्हणतो ‘हे आलंय आधी’ आणि फायलीत सारून मोकळा होतो. त्यामुळे पहिल्या स्मरणपत्रात घरातलं एक माणूस आजारी पडायचं, दुसऱ्यात अंथरुणाला खिळायचं, आणि तिसऱ्यात जायचं. त्या टेबलावर किती सासवा गेल्या त्याची गणती नाही. त्यातल्या निम्म्या त्याच वेळी घरी सुनांशी भांडत होत्या.

मास्तरांना एकच मुलगी. लहानपणी फरशीवर पालथी पडून तासन्‌तास मुंग्यांची रांग बघायची, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं ते पडलंच. मोठी झाल्यावर मुंग्यांवरून माश्यांवर गेली. न्हाणीघराच्या खिडकीत कुंभारीण माशीने मातीची घरटी केली होती. ती काढून टाकायला मास्तर झाडू घेऊन गेले, तर पोरगी दारात आडवी उभी राहिली. “बाबा, हात लावाल तर बघा.” दोन वर्षं त्या घरात खिडकी अर्धीच उघडायची.

बारावीनंतर तिला कीटकशास्त्रच शिकायचं होतं, आणि तेही चार तासांवरच्या शहरातल्या त्या एकाच कॉलेजात. जागा वीस, आणि अर्जांचा तर ढीग. मार्क चांगले होते, पण चांगले मार्क ढीगभर पोरांना असतात. निवड व्हायची ती ‘स्वतःविषयी’ या पाचशे शब्दांवर.

मुंगीने ते पाचशे शब्द आठवडाभर बसून लिहिले आणि एका सकाळी मास्तरांच्या टेबलावर आणून ठेवले. “टाईप करून द्या फक्त. बदलू नका काही.”

मास्तरांनी वाचलं. सगळं त्या माशीबद्दल. दोऱ्याने मोजलेली घरटी, कोणत्या दिवशी किती अळ्या आत भरल्या त्याचा हिशेब, आणि शेवटी, ‘माशी मला चार वेळा चावली. त्यात तीन वेळा चूक माझी होती.’ वीस जागांसाठी ही पोरगी माशी चावल्याचं सांगतेय!

“छान आहे,” ते म्हणाले. “पाठवायचं माझ्यावर सोड. या चार कागदांवर सही कर.”

तिने विचारलंही नाही. लहानपणापासून ती बापाच्या टेबलावर हेच बघत आली होती. चार सह्या केल्या, नीट, एकेक कागद पुढे सरकवत, आणि गेली. बापाच्या हातात कोरा कागद सही करून द्यायला कुणाला भीती वाटणार?

मास्तरांची बायको इस्पितळात चादरी-कपड्यांच्या खोलीवर होती. तिच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, “अहो, पोरीचं पोरीला करू द्या.”

“सव्वीस वर्षं काय गवत उपटतोय मी?” मास्तर म्हणाले, आणि विषय मिटला.

पहिल्या कागदावर ‘दुःख साधं’ गेलं. ‘अत्यंत प्रतिकूल परिस्थितीतून, केवळ जिद्दीच्या बळावर’ वगैरे. माशीची एक ओळ त्यांनी दयेपोटी ठेवली: ‘मला कीटकांची आवड आहे.’ पत्रव्यवहाराचा पत्ता टेबलाचा दिला. पंधरा दिवसांनी पहिलं स्मरणपत्र गेलं, त्यात वडिलांची प्रकृती ढासळली. पुढच्या पंधरा दिवसांनी वडील अंथरुणाला खिळले. त्या दिवशी खिळलेल्या वडिलांनी दोन वेळा चहा मागवला आणि शेजारच्या स्टॅम्पवाल्याशी तासभर वाद घातला.

पहिली यादी लागली, त्यात मुंगीचं नाव नव्हतं. त्या रात्री ती ताटावरून लवकर उठली एवढंच. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तिसरं स्मरणपत्र काढलं. टेबलासमोर सात माणसं खोळंबली होती. ‘दुःख जोरदार’ उघडलं, ‘सासू’ पुसून ‘वडील’ घातलं, छापलं आणि पाकिटात घालताना सवयीने एकदा नजर टाकली. ‘काळाने अचानक घाला घातला व माझे पितृछत्र हरपले.’ खाली मुंगीची सही, तिची ती गोल वळणाची.

मास्तर थांबले. खोटं बोलणार नाही, थांबले ते. काहीतरी घाण पायाखाली आल्यासारखं वाटलं. उठले, चहा प्यायले, परत आले. मग मनाशी म्हणाले, माणूस कागदावर मेल्याने मरत नसतो, आणि प्रवेशसमिती काही दाखला मागायची नाही. आणि त्यांनी पाकीट चिकटवलं.

आठ दिवसांत मुलाखतीचं बोलावणं आलं. खाली एक ओळ होती: ‘आपल्यावर ओढवलेल्या प्रसंगाची समितीने सहानुभूतीने नोंद घेतली आहे.’ मुंगीला पत्र दाखवताना मास्तरांनी नेमका त्या ओळीवर अंगठा ठेवला. पोरीने त्यांच्या गळ्यात हात टाकले. एवढी मोठी झाल्यावर तिने असं कधी केलं नव्हतं. “बाबा, तुमच्यामुळे झालं,” ती म्हणाली. मास्तरांना त्या मिठीत उभं राहणं जड गेलं.

मुलाखतीला तिला एकटीलाच जायचं होतं. पण आई म्हणाली, बाबा येतील सोबत. नाही म्हणायला मास्तरांना कारण सापडेना. हजारो माणसांना कारणं पुरवणारा माणूस, स्वतःवर वेळ आली तेव्हा त्याला एक सुचू नये!

बसमध्ये चार तास ती खिडकीशी बसून वहीत बघत होती. सांगून टाकावं असं मास्तरांना दर थांब्यावर वाटायचं, आणि बस सुटली की वाटायचं, पुढच्या थांब्यावर सांगू. शेवटी शहर दिसायला लागलं तेव्हा ते म्हणाले, “हे बघ, घरचं काही विचारलं तर फार बोलू नकोस.”

“घरचं कशाला विचारतील?”

“विचारतात कधीकधी. आपण मान खाली घालायची, बस.”

मुंगी हसली. “का? घरी काय चोरी झालीय?”

कॉलेजचा तो मजला लांबलचक होता. भिंतीला काचेची कपाटं, त्यांत टाचण्यांनी टोचलेले कीटक, आणि दाराशी एक बाक. मुंगीला आत बोलावलं. मास्तर बाकावर बसले. समोरच्या खोलीत आवक-जावक बघणाऱ्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्या बाहेर आल्या.

“तुम्ही मुलीबरोबर आलात का? कोण तुम्ही तिचे?”

आता बघा, इथेही सांगता आलं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. “मामा,” मास्तर म्हणाले.

“बरं झालं आलात.” बाई त्यांच्याशेजारी बसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, “पोरीवर काय हो प्रसंग. माझे वडील मागच्याच वर्षी गेले. तुमच्या भाचीचं ते तिसरं पत्र माझ्या हातात आलं, मी दोनदा वाचलं. खरं तर इतक्या उशिरा आलेलं पत्र आम्ही फायलीला लावून टाकतो. पण मला राहवलं नाही, मी स्वतः नेऊन प्रमुख बाईंच्या पुढे ठेवलं. मी म्हटलं, एवढीशी पोर, बाप जाऊन आठ दिवस झाले नाहीत आणि स्वतः अर्ज लिहितेय.” त्यांनी चष्मा पुसला. “तुमची मेहुण्यांशी चांगली असेल ना ऊठबस?”

“हो,” मास्तर म्हणाले. “रोजचीच.”

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मास्तरांना त्या बाकावर कळलं. कागदावर मेलेल्या असंख्य माणसांसाठी कुणीतरी कुठेतरी असा चष्मा पुसला असेल, हा विचार सव्वीस वर्षांत त्यांच्या मनाला शिवला नव्हता. त्यांना वाटत होतं, पलीकडे नुसतं टेबल असतं.

दार उघडलं आणि आतून कुणीतरी बाईंना हाक मारली. त्या आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. चेहरा गोंधळलेला. “मुलगी म्हणतेय वडील बाहेर बसलेत.” त्यांनी मजल्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. “इथे तर तुम्हीच आहात.”

मास्तर उठले. “मीच,” ते म्हणाले.

बाई दारातून बाजूला झाल्या, जरा जास्तच बाजूला, आपल्या अंगाला त्यांचा धक्का लागू नये अशा.

आत तिघं होते. मधे विभागप्रमुख बाई, पांढऱ्या केसांच्या. टेबलावर चार कागद ओळीने मांडलेले. मुंगी खुर्चीत ताठ बसली होती आणि तिसऱ्या स्मरणपत्राच्या सहीकडे बघत होती. बापाकडे तिने मान वळवली नाही.

प्रमुख बाईंनी तो कागद उचलला आणि मोठ्याने वाचला. “‘काळाने अचानक घाला घातला व माझे पितृछत्र हरपले. आता या अभागिनीला आपल्याच चरणांचा आधार.’ सही कोणाची?”

“माझी,” मुंगी म्हणाली.

“आणि मजकूर?”

मुंगी कागदाकडेच बघत राहिली. बाईंनी पुन्हा विचारलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. जागा चालली होती डोळ्यांदेखत, पण तिने बापाचं नाव घेतलं नाही. तिने घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

“मजकूर माझा,” ते म्हणाले. “तिला ठाऊक नाही. कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या. आमच्या धंद्यात तशी रीत आहे.”

“कसली रीत?”

मग मास्तरांनी रीत सांगितली. साधं दुःख, मध्यम दुःख, सगळं. आजवर ही रीत त्यांनी चहाच्या टपरीवर ऐटीत सांगितली होती, लोक टाळ्या द्यायचे. इथे त्यांचा आवाज त्यांच्याच कानाला कुणा भामट्याचा वाटला. तिघांतला एक तरुण प्राध्यापक खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवून हसला, ते तर फारच लागलं.

प्रमुख बाईंनी कागद खाली ठेवला आणि मुंगीला विचारलं, “मग तुम्ही काय लिहिलं होतं?”

मुंगी आधी अडखळली. मग बोलायला लागली. खिडकीतली तेवीस घरटी, एकात पाच ते आठ अळ्या. एक घरटं तिच्या हातून फुटलं तर माशीने ते दुरुस्त केलं नाही, शेजारी नवीन सुरू केलं. मग तिने मुद्दाम दुसरं फोडून पाहिलं, तेव्हाही तेच. बाईंनी विचारलं, अर्धवट बांधलेलं फोडलंत की पुरं झालेलं? मुंगी म्हणाली, पुरं झालेलं. अर्धवट फोडायला हवं होतं हे आत्ता लक्षात येतंय. दहा मिनिटं त्या दोघी बोलत राहिल्या. खोलीत मास्तर आहेत हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

शेवटी प्रमुख बाई मास्तरांकडे वळल्या. “हे पाठवलं असतंत तर हिचं नाव पहिल्या यादीत लागलं असतं. हे तुमचं जे आहे ना, ते वाचून आम्ही बाजूला ठेवलं होतं. असले शंभर येतात. आज हिला बोलावलं ते निव्वळ कीव म्हणून.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मास्तरांची मान खाली गेली.

“काय घडलं ते तुमच्या हातानं लिहून द्या,” बाई म्हणाल्या. “तीन वाजेपर्यंत. समिती ठरवेल.”

बाहेर बाकावर मास्तर कोरा कागद मांडीवर घेऊन बसले. लिहिलं, ‘अत्यंत जड अंतःकरणाने’. खोडलं. दुसरा कागद मागून घेतला. ‘परिस्थितीने गांजलेल्या एका पित्याच्या हातून’. मुंगी पलीकडे उभी होती. तिने लांबूनच वाचलं आणि म्हणाली, “बाबा, परत रडगाणं.” कॉलेजात ती त्यांच्याशी आपणहून बोलली ती एवढंच.

तिसऱ्या कागदावर मास्तरांनी लिहिलं: ‘माझ्या मुलीने सही केलेल्या कोऱ्या कागदांवर मी खोटा मजकूर छापला. तिला तो माहीत नव्हता. तिचे स्वतःचे लेखन मी पाठवले नाही. मी जिवंत आहे व मला कोणताही आजार नाही.’ चार ओळींना दीड तास लागला.

आवक-जावकच्या बाईंनी कागद घेतला, शिक्का मारला. मास्तर म्हणाले, “बाई, तुमच्या वडिलांचं मला…”

“पोच हवी का?” बाईंनी वर न बघता विचारलं.

परतीच्या बसमध्ये निम्मा रस्ता गेल्यावर मुंगी बोलली. खिडकीबाहेर बघतच.

“त्यांनी विचारलं, वडिलांना काय झालं होतं? मला हसूच आलं. मी म्हटलं, तुमच्याकडे दुसऱ्या कुणाची तरी फाईल आली असेल. तर त्या म्हणाल्या, सगळे कागद तुमच्याच नावाचे आहेत. मग मी म्हटलं, शक्य नाही. माझे बाबा अर्जच लिहितात, असली चूक ते होऊ देणार नाहीत.” ती थांबली. “तेव्हा त्यांनी माझी सही दाखवली.”

जमीन दुभंगून पोटात घेते असं म्हणतात, पण बसमध्ये तीही सोय नव्हती.

घरी त्यांनी बायकोला स्वतःच सांगितलं. ती चादर घडी करत होती ती तशीच हातात धरून ऐकत राहिली. “म्हणजे महिनाभर तुम्ही आजारी होतात,” ती म्हणाली, “आणि मला पत्ता नाही.” नंतर दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. टेबलावर मास्तरांनी कोऱ्या सह्या घेणं थांबवलं. काही गिऱ्हाईकं कुरकुरत शेजारच्या टेबलाकडे गेली. ‘दुःख जोरदार’ त्यांनी पुसून टाकलं. ‘साधं’ आणि ‘मध्यम’ मात्र अजून आहेत. जित्याची खोड, दुसरं काय.

तीन आठवड्यांनी पत्र आलं, टेबलावर नाही, घरच्या पत्त्यावर. मुंगीने कॉलेजला तो पत्ता त्याच दिवशी देऊन ठेवला होता. प्रवेश मिळाला होता. ती आईच्या गळ्यात पडून रडली. मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. “झालं बाबा,” ती म्हणाली, नीट, सभ्यपणे, एखाद्या शेजाऱ्याला सांगावं तसं.

प्रवेशाच्या दिवशी ट्रंक जड होती म्हणून मास्तर बरोबर गेले. खिडकीपाशी त्याच बाई होत्या, चष्मा गळ्यात. मुंगीने फॉर्म पुढे केला. वडील हयात आहेत काय, असा एक रकाना होता. तिच्या गोल अक्षरात पुढे लिहिलं होतं, ‘होय’. बाईंचं बोट तिथे क्षणभर थांबलं आणि खाली गेलं.

“पालकांची सही,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं.

“झालीय ती,” मुंगी म्हणाली. “आईची घेऊन आलेय.”

बाईंनी सही पाहिली आणि शिक्का मारला. मास्तरांनी टोपण लावलं, पेन खिशाला अडकवलं, आणि वसतिगृह कोणत्या बाजूला आहे ते विचारून ट्रंक उचलली.